इगर्जीचा पांढरा गिलावा खरवडून आतला तांबडा चिरा दाखवावा का?

चिरेबंद | १० फेब्रुवारी, रात्री ९.४०
मंडळी, पेचात सापडलोय म्हणून धागा काढतोय.

मी उत्तर गोव्यातल्या बार्देशातला. आजोबा गवंडी, वडील गवंडी, मीही त्याच धंद्यात. फक्त माझ्या हातात थापीपेक्षा फोनच जास्त असतो. आमच्या गावच्या इगर्जीचं काम निघालंय. दर्शनी भिंतीचा गिलावा उत्तरेच्या बुरुजाखाली फुगलाय. बोटाने टकटक केलं की डबडब वाजतो. परवा फाब्रिकेची, म्हणजे इगर्जीचा पैसाअडका आणि इमारत सांभाळणाऱ्या समितीची, बैठक झाली. तरण्या मंडळींचं म्हणणं असं की पुन्हा गिलावा करत बसायचंच कशाला? सगळा खरवडून टाका. ओल्ड गोव्याचं बॉं जेझुस चर्च बघा, तांबडा चिरा, म्हणजे जांभा दगड, कसा उठून दिसतो. मूळ रूप तेच, पांढरा रंग मागाहून फासलेला.

पाद्री-वीगार माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग, तुझ्या आजोबांनी हिला चुना लावलाय." मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. म्हटलं, आठ दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी बुरुजाच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, हातभर चौकोन खरवडून पाहिला. वर प्लास्टिक पेंट. त्याखाली दीड बोट सिमेंट. सिमेंटखाली चुन्याचे पापुद्रे, कांद्यासारखे, एकावर एक. मी बारा मोजले आणि सोडून दिलं. मधले दोन निळसर होते, त्या वर्षी कुणीतरी नीळ सढळ हाताने घातली असणार. सगळ्यांत आत चिरा. पण चिरा म्हणजे आपल्या आजच्या कुंपणाच्या भिंतीतला मशीनवर कापलेला नव्हे. ओबडधोबड, लहानमोठा, सांधे दोन-दोन बोटं रुंद आणि त्यात चुन्याबरोबर कौलांच्या खापऱ्या ठेचून बसवलेल्या.

हे लोकांना दाखवायचं? तुमचं काय मत?

पावसाळी_बेडूक | १० फेब्रुवारी, रात्री ९.५२
फोटो टाका.

चिरेबंद | १० फेब्रुवारी, रात्री ९.५८
चढत नाहीये. पापुद्र्यांवर भागवा.

सुशेगाद_स्कूटर | १० फेब्रुवारी, रात्री १०.३०
माझं मत सरळ आहे: काढा. मी पर्यटकांना फिरवतो. पांढरी इगर्ज गोव्यात दर दोन मैलांवर आहे. गाडीतून बघतात, "नाइस" म्हणतात, पुढे जातात. बॉं जेझुससमोर मात्र उतरतात, अर्धा तास फोटो काढतात. तांबड्या दगडात जुनेपण आहे. तुमच्या गावात चार माणसं उतरली तर सोडा-लिंबूवाल्याचं तरी भलं होईल.

मांडवीकाठ | १० फेब्रुवारी, रात्री ११.१५
स्कूटरभाऊ, तुम्ही ज्यांना "जुनेपण" दाखवताय ते माझ्या वडिलांपेक्षा लहान आहे.

बॉं जेझुसचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये अभिषेक झाला. त्यानंतर साडेतीनशे वर्षं त्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. तो उतरवला १९५० च्या दशकात, बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली. १९५२ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षं झाली, त्या काळात ओल्ड गोव्यातल्या स्मारकांना "प्राचीन" रूप द्यायची टूम निघाली होती. इमारत म्हातारी दिसली की साम्राज्यही पुरातन वाटतं, असा काहीसा हिशेब. तेव्हापासून पाऊस थेट चिऱ्यावर पडतोय आणि चिरा झिजतोय. पुन्हा गिलावा करा, अशी मागणी अधूनमधून होते. पण आता लोकांच्या डोळ्यांत तांबडंच रूप बसलंय, त्यामुळे भांडण मिटत नाही.

खात्री करायची असेल तर रस्ता ओलांडा. समोर से कॅथेड्रल. १५६२ मध्ये काम सुरू, १६१९ मध्ये मुख्य इमारत पुरी. दगड तोच, चिरा. अंगावर मात्र पांढरा गिलावा, कुणी काढला नाही. दोन बुरुजांपैकी एक १७७६ मध्ये पडला, तो परत बांधला नाही, म्हणून बिचारं एका खांद्याने उभं आहे. पण पांढरं आहे.

पावसाळी_बेडूक | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.०५
गिलावा काढून इगर्ज दाखवायची म्हणजे साल काढून केळी विकायला मांडण्यासारखं आहे. पहिल्या तासाला छान दिसतात.

वसईचा_वाडवळ | ११ फेब्रुवारी, सकाळी ९.२०
मांडवीकाठ, एक गोष्ट आमच्या वाट्याची. बॉं जेझुसच्या दर्शनी भागावरचे काळे कोरीव पट्टे, खांब, चौकटी चिऱ्याच्या नाहीत. तो बेसॉल्ट आमच्या वसईहून गलबतांतून नेलेला. चिऱ्यावर बारीक नक्षी टिकत नाही, कोपरा धरत नाही. म्हणजे बांधणाऱ्यालाच ठाऊक होतं की कुठला दगड दाखवायचा आणि कुठला झाकायचा. चिरेबंदजी, तुमच्या इगर्जीला दाराच्या चौकटी कुठल्या दगडाच्या आहेत ते बघा. जो दगड तासून गुळगुळीत केलाय तो दाखवायचा. बाकीचा कपड्याच्या आत राहणारा.

आता आमची तक्रार. दगड आमचा गोव्याला गेला आणि घंटा घाटावर गेल्या. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चांच्या घंटा लूट म्हणून नेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याखालच्या घाटावर एक आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेत, साल १७०७. आरतीला वाजते.

पुण्याचा_पाहुणा | ११ फेब्रुवारी, सकाळी १०.४०
मेणवलीची घंटा आमच्या शाळेच्या सहलीत दाखवली होती. मास्तर म्हणाले, "ही विजयाची निशाणी." आम्ही मुलांनी ती इतकी वाजवली की पुजाऱ्याने हाकललं. मेरीचं चित्र कुणी दाखवलं नाही, आज कळतंय.

एक बाळबोध प्रश्न: इगर्ज आणि चर्च एकच ना?

दुसऱ्या_मिसची | ११ फेब्रुवारी, दुपारी १.१०
पाहुणे, इगर्ज म्हणजे पोर्तुगीज 'इग्रेजा'. आमच्याकडे हा शब्द मुख्यतः गावच्या पॅरिश चर्चला वापरतात. तिला स्वतःचा वीगार असतो, बाप्तिस्मा, लग्न आणि मरण यांची नोंदवही असते, भोवती दफनभूमी असते. वाड्यावाड्यांवर असते ते कपेल. कपेलात फेस्त (वार्षिक सण) होतं, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) होते, पण तुम्ही जन्माला आल्याची नोंद इगर्जीतच.

मी कॅथलिक, प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत, म्हणून इथे रेंगाळते. लहानपणी फेस्ताच्या पंधरा दिवस आधी इगर्जीत गेलं की ओल्या चुन्याचा वास यायचा. बांकांवर पांढरे शिंतोडे. काळा फ्रॉक घालून मिसला, म्हणजे इगर्जीतल्या प्रार्थनेला, बसलं की घरी बोलणी खायची. चिरेबंदबाब, तुमच्या आजोबांनी माझ्या एखाद्या फ्रॉकचं तरी नुकसान केलंच असणार.

पण चुन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक विचारते. दरवर्षी परांचा बांधून बुरुजाच्या टोकापर्यंत चुना मारायला माणसं आता आणायची कुठून? आमच्या इगर्जीत सिमेंट आणि प्लास्टिक पेंट आला तो कुणाच्या अडाणीपणामुळे नव्हे. दर वर्षीचा खर्च परवडेना म्हणून आला. वारसा-वारसा करणारे लोक फोटोला येतात, वर्गणीला येत नाहीत.

चिरेबंद | ११ फेब्रुवारी, दुपारी १.४५
बाय, फ्रॉकबद्दल आजोबांच्या वतीने माफी.

वसईकरांनी सांगितलं ते बघून आलो. दाराच्या कमानीचा दगड वेगळाच, काळसर आणि घट्ट. त्यावर गिलाव्याची खूणही नाही. तीस वर्षं त्याच दारातून जातोय, कधी लक्ष दिलं नव्हतं.

मांडवीकाठ | ११ फेब्रुवारी, दुपारी २.३०
"बांकांवर" वाचून आठवलं. बाक, चावी, बिजागरी, इस्त्री हे सगळे शब्द पोर्तुगिजांकडून आले. आणि चिरेबंद, तुमचं रोजचं घमेलंसुद्धा, मूळ 'गामेला'. मेस्त्रीही तिकडचाच, 'मेस्त्रे'. म्हणजे तुमच्या धंद्यात थापी तेवढी आपली राहिली.

पावसाळी_बेडूक | ११ फेब्रुवारी, दुपारी २.३४
आणि पगार. तोही पोर्तुगीज. म्हणून वेळेवर येत नाही.

दुसऱ्या_मिसची | ११ फेब्रुवारी, दुपारी ३.००
आमच्याकडे मेस्त म्हणजे गवंडी नव्हे, इगर्जीच्या शाळेतला संगीत शिक्षक. माझे आजोबा त्याच्याकडे सोल्फा (सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकले. चुकलं की बोटांवर गज. मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत गोव्याची एवढी माणसं का होती, याचं उत्तर या इगर्जीच्या शाळांत आहे. वरचा माळा असतो ना, दाराच्या डोक्यावर, गायकांचा? तो नुसता शोभेला नाही. तिथून आवाज सोडला की तो लाकडी छताला घासून वेदीपर्यंत जातो. गुळगुळीत चुन्याच्या भिंती त्याला पुढे ढकलतात.

सह्याद्रीचा_वारा | ११ फेब्रुवारी, सायंकाळी ६.२०
गिलाव्याची चर्चा जोरात आहे. गिलाव्याच्या आत चिरा, ठीक. चिऱ्याच्या खाली काय होतं, ते कुणी बोलणार आहे का? किती देवळं पाडून या इगर्जी उभ्या राहिल्या?

सुशेगाद_स्कूटर | ११ फेब्रुवारी, सायंकाळी ६.२५
झालं. आता धागा शंभरी गाठणार.

फोंड्याचा_आजा | ११ फेब्रुवारी, रात्री ८.५०
बोलू की. न बोलण्यासारखं त्यात काही नाही.

आमची कुलदेवता शांतादुर्गा. मूळ ठिकाण साष्टीतलं केळशी. १५६० च्या दशकात साष्टी, बार्देश, तिसवाडीतली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी मूर्ती रातोरात नदीपार आणल्या, कारण फोंडा तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला आणि त्याच्या जागेवर होली स्पिरिटची इगर्ज आली. कुंकळ्ळीच्या लोकांनी १५ जुलै १५८३ रोजी पाच जेझुइट पाद्र्यांना मारलं. पुढे बोलणी करायला म्हणून गावकऱ्यांच्या मुखियांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२. हे सगळं खरं आहे आणि माझ्या आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे, व्हॉट्सॅपवरून नाही.

आता दुसरी बाजू, तीही डोळ्यांनी बघितलेली. कवळ्याचं शांतादुर्गेचं आजचं देऊळ १७३८ च्या सुमाराचं. सातारकर शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. म्हणजे मराठ्यांचा पैसा, आमची देवी. आणि देवळावर काय आहे? घुमट. कमानीच्या खिडक्या. कठड्याला युरोपी धाटणीचे दांडे. मंगेशीची दीपमाळ बघा: अष्टकोनी, मजल्यावर मजला, प्रत्येक मजल्याला कोनाडे आणि खांब. एखाद्या इगर्जीचा बुरुज सुटून देवळासमोर येऊन उभा राहिल्यासारखी. ज्या मेस्त्रींना देऊळ बांधायला बोलावलं, त्यांचे हात तिकडच्या कामावर तयार झाले होते. चांगलं दिसलं ते उचललं. देवीने हरकत घेतली नाही.

तेव्हा वाऱ्या, प्रश्न योग्य आहे, पण त्याचं उत्तर चिरेबंदला गिलाव्यासाठी उपयोगाचं नाही.

सह्याद्रीचा_वारा | ११ फेब्रुवारी, रात्री ९.३०
आजोबा, तुम्ही सांगितलंत ते मान्य. माझा राग त्या पाटीवर आहे जिच्यावर इतिहास अमुक साली "बांधली" इथूनच सुरू होतो.

दुसऱ्या_मिसची | ११ फेब्रुवारी, रात्री १०.०५
त्यात तुमच्याशी भांडणार नाही. आमच्या घरातही मूळ आडनाव काय होतं ते आजी हळू आवाजात सांगायची. गावकर आम्हीही. इगर्ज बांधायला घाम आमच्याच माणसांनी गाळला, फक्त नाव बदलून.

म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मेरी मातेच्या, फेस्ताला या एकदा. ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी सोमवारी असतं. रांगेत तेलाच्या बाटल्या घेऊन निम्मी माणसं हिंदू. ती म्हणतात, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण. इतिहासकारांना विचारू नका, त्या बहिणींना विचारा.

संपादक | ११ फेब्रुवारी, रात्री १०.२०
सूचना: चर्चा अजून सभ्य आहे, तशीच राहू द्या. दोन प्रतिसाद उडवले आहेत. ज्यांचे आहेत त्यांना कारण ठाऊक आहे.

नीरू | १२ फेब्रुवारी, सकाळी ८.१५
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करते. धागा उशिरा पाहिला. चिरेबंद, तुमच्या चौकोनातच सगळं लिहिलंय.

चिरा म्हणजे स्पंज. खाणीतून काढताना ओलसर आणि मऊ, कुऱ्हाडीने तासता येतो. हवा लागली की कडक होतो. १८०७ मध्ये फ्रान्सिस ब्युकॅननने केरळात हे बघून लॅटिनमधल्या 'विटे'वरून लॅटेराइट नाव दिलं. पण कडक झाला तरी भोकं राहतात, आणि त्या भोकांत माती असते. गोव्यात वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस. उघड्या चिऱ्यातली माती धुऊन जाते, मग भोकं मोठी, मग शेवाळ, मग बी रुजतं, मग पिंपळ. म्हणून पूर्वी ज्यांना गिलावा परवडत नसे ते पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात झावळ्यांची झापं बांधत. चिरा उघडा ठेवायचा, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

सांध्यांत खापऱ्या ठेचलेल्या आणि दगड ओबडधोबड, हे गवंड्याने मुद्दाम केलेलं. गिलाव्याला धरायला खाच हवी. गुळगुळीत चिऱ्यावर चुना टिकत नाही.

आता फुगवटा. चूक चुन्याची नाही, मधल्या सिमेंटची. चुन्याचा गिलावा पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. सिमेंट म्हणजे रेनकोट घालून धावणं: बाहेरचं पाणी थांबतं, पण आतला घाम जाणार कुठे? जमिनीतून आणि कौलांतून भिंतीत शिरलेलं पाणी सिमेंटमागे साठतं, क्षार बाहेर ढकलतं आणि एक दिवस सगळी पाटी पडते. वर प्लास्टिक पेंट म्हणजे रेनकोटवर पिशवी.

सल्ला: सिमेंट उतरवा, हळू, छिन्नीने, ब्रेकर लावू नका. खालचा चुना जिथे घट्ट आहे तिथे राहू द्या. मग चुन्याचाच गिलावा. कळीचा चुना किमान महिनाभर खड्ड्यात मुरलेला हवा, तीन महिने मुरला तर लोण्यासारखा होतो. पहिला हात जाड वाळूचा, दुसरा बारीक, वरून नीरू, म्हणजे गाळलेल्या चुन्याचा गुळगुळीत हात.

चिरेबंद | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.००
नीरूताई, नाव आता कळलं.

आजोबा गुळाचं पाणी घालायचे. खड्ड्याशी मुंगळे यायचे, मला ते हाकलायला बसवत. आणि चुना शिंपल्यांचा. खाडीच्या शिंपल्या भट्टीत जाळून केलेला. बैलाचा घाणा होता चुना मळायला. तो दगड आता एका हॉटेलच्या बागेत कुंडीखाली आहे.

सुशेगाद_स्कूटर | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
बरं, समजा हरलो. पण एक सांगा, सगळ्या इगर्जी एकसारख्या पांढऱ्या, एकसारखे दोन बुरुज, मध्ये त्रिकोण. पोर्तुगालहून एकच नकाशा आला होता काय? बघण्यासारखं वेगळं काय त्यात?

मांडवीकाठ | १२ फेब्रुवारी, दुपारी १२.१०
एक दिवस मला तुमच्या स्कूटरवर बसवा.

सुरुवातीच्या काळात नमुना तिकडचा, हे खरं. प्रदेशही पाद्र्यांच्या संघांना वाटून दिलेले: बार्देश फ्रान्सिस्कनांकडे, साष्टी जेझुइटांकडे. बार्देशातली पहिली इगर्ज रेइश मागुशची, १५५५. पण सतराव्या शतकाच्या अखेरीपासून सूत्रं गोंयकार पाद्र्यांकडे येतात. दिवाडी बेटाच्या टेकडीवरची पिएदादची इगर्ज आंतोनियु जुआंव द फ्रियश या गोमंतकीय पाद्र्याच्या कल्पनेची. फेरीने जा, बोटीतूनच दिसते. तळावलीची सांत आना १६८१ ते १६९५. पाच मजली दर्शनी भाग, शिंपल्याच्या आकाराचे कोनाडे. तिच्यात चिऱ्याला आणि चुन्याला काय झेपतं हे ओळखून काम केलंय. चुन्यात शिंपला कोरता येतो, चिऱ्यात येत नाही. तो गिलावा काढला तर सांत आनाचं अर्धं शिल्पच जमिनीवर पडेल.

आणि कळंगुटची सेंट आलेक्स. दोन बुरुजांच्या मध्ये घुमट दिसतो ना? आत जाऊन वर बघा. घुमट नाही, तो दर्शनी भिंतीचाच भाग आहे, समोरून दिसण्यापुरता. असले खोटे घुमट अठराव्या शतकातल्या गोव्याची खास खोड.

पावसाळी_बेडूक | १२ फेब्रुवारी, दुपारी १२.१६
सांत आनाच्या फेस्ताला जुलैत काकड्या वाहतात, मूल व्हावं म्हणून. आमच्या एका मित्राने चुकून दोन वाहिल्या. पुढचं तुम्ही ओळखा.

पुण्याचा_पाहुणा | १२ फेब्रुवारी, दुपारी ४.३०
जुळी??

पावसाळी_बेडूक | १२ फेब्रुवारी, दुपारी ४.३१
नाही हो, खोकला.

फोंड्याचा_आजा | १२ फेब्रुवारी, रात्री ८.००
सोळाव्या शतकात फर्मानं निघाली होती की हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत. एकदा काढून भागलं असतं तर पुन्हा पुन्हा काढावी लागली नसती. ओल्ड गोव्याच्या सांता मोनिकातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय बघा. किंवा जुन्या इगर्जींत प्रवचनाचा लाकडी सज्जा असतो, त्याच्या खालच्या टोकाला वाकून बघा. काही ठिकाणी नागकन्या आहेत, खवल्यांसकट. वर पाद्री, खाली नागीण.

आणि या मराठी मंडळात एक गोष्ट सांगायलाच हवी. साष्टीतल्या रायतूरला १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं. इंग्रज माणूस, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठीत, रोमन लिपीत. म्हणजे इगर्जीत ओवी घुमली आहे.

वसईचा_वाडवळ | १२ फेब्रुवारी, रात्री ८.४५
आमच्याकडे अजून मराठीतच मिस होते आजोबा. या एकदा.

दुसऱ्या_मिसची | १३ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
माझ्या खर्चाच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलेलं नाही. नागीण, काकडी, घंटा सगळं झालं.

नीरू | १३ फेब्रुवारी, सकाळी ८.५०
खरंय. उत्तर गोड नाही. चुन्याचा गिलावा पहिल्यांदा महाग पडतो, कारण कारागीर कमी उरलेत. नंतर दरवर्षी चुना मारावाच असं नाही, एकाआड एक वर्ष चालतं. मात्र कौलं आणि पन्हाळी दर पावसाळ्याआधी तपासायची. निम्मी ओल वरून येते, भिंतीचा त्यात दोष नसतो. आणि काहीच न करण्याचा खर्च बघायचा असेल तर ओल्ड गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मनोरा. ४६ मीटर उंच होता. १८३५ मध्ये मठ ओसाड झाला, १८४२ मध्ये छप्पर बसलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग कोसळला. मठ ओसाड झाल्यापासून सात वर्षांत छप्पर.

मांडवीकाठ | १३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
त्याच मठातली मोठी घंटा आज पणजीच्या पायऱ्यांवरच्या इगर्जीत आहे, १८७१ पासून. म्हणजे घंटा फक्त चिमाजी आप्पांनीच हलवल्या असं नाही.

चिरेबंद | १९ फेब्रुवारी, रात्री १०.१५
बैठक झाली. सगळ्यांचे मुद्दे कागदावर उतरवून नेले होते. वाचायला लागलो तर पाद्री-वीगार म्हणाले, "कागद ठेव, भिंत दाखव." मग फाब्रिकेची सगळी मंडळी बुरुजामागे. मी टॉर्च धरला, एकेक पापुद्रा सुरीच्या टोकाने सोलला. निळा थर आला तेव्हा ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ म्हणाले, "हे माझ्या लग्नाचं वर्ष." नीळ त्यांनीच आणून दिली होती, नवरीला आवडायची म्हणून.

त्यानंतर तांबड्या चिऱ्याचा विषय कुणी काढला नाही. एक अडचण उरलीय: परदेशातल्या एका दात्याने तांबड्या दगडासाठी पैसे कबूल केले होते, त्याला नावाची पाटी हवी होती. चुन्यावर पाटी नको, असं ठरलं. त्याचे पैसे येतील की नाही, देव जाणे.

निर्णय असा: या पावसाळ्यात नुसती चाचणी. बुरुजामागे तीन चौकोन शेजारी शेजारी. एक उघडा चिरा, एक सिमेंट, एक मुरवलेला चुना. पाऊस जे म्हणेल ते.

सुशेगाद_स्कूटर | १९ फेब्रुवारी, रात्री १०.४०
पावसाला पंच केलात म्हणजे मी हरलोच.

चिरेबंद | २७ जून, सायंकाळी ७.५०
धागा वर काढतोय. तीन आठवडे पाऊस झाला.

उघडा चौकोन: गडद, जवळजवळ काळा, हाताला माती लागते. खालच्या कोपऱ्यात हिरवं आलंय. सिमेंटचा चौकोन बाहेरून कोरडा ठणठणीत, पण त्याच्या वरच्या काठाला ओलीची रेघ आणि टकटक केलं की पुन्हा तो डबडब आवाज, इतक्या लवकर. चुन्याचा चौकोन पावसात करडा पडतो. काल चार तास ऊन पडलं तेव्हा मी समोर पायरीवर बसून बघत होतो. कडेने आत असा पांढरा होत गेला, ओला सदरा वाळत घातल्यासारखा. साक्रिस्तांवबाब दुपारची घंटा वाजवून खाली आले, तेही शेजारी बसले. म्हणाले, "तुझा आजोबाही असाच बसायचा."

ऑक्टोबरात काम सुरू. चुना आतापासून मुरत घालायचाय. कुणाच्या परसात जुना चुन्याचा घाणा पडून असेल तर कळवा. वाहतूक माझी.

पावसाळी_बेडूक | २७ जून, रात्री ८.०२
घाणा नाही. घमेलं आहे.

दुसऱ्या_मिसची | २७ जून, रात्री ८.३०
वर्गणी कुठे द्यायची ते सांगा. काळा फ्रॉक घालून येणार नाही.